मॅरेथॉनची तयारी करताना पोहणे आणि सायकल किती राखावी?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ट्रायथलॉन करणाऱ्या वाचकांची आहेत. पुढच्या हंगामाआधी त्यांना मॅरेथॉन धावायची आहे, पण पोहण्यात आणि सायकलिंगमध्ये मेहनतीने कमावलेले गमवायचे नाही. एकमेकांशी जुळणारी पत्रे एकत्र करून त्यांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : गेली तीन वर्षे मी ऑलिंपिक अंतराच्या, म्हणजे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे अशा शर्यती करतो. पाच महिन्यांनी माझी पहिली मॅरेथॉन आहे आणि त्यानंतर चार महिन्यांनी अर्ध-आयर्नमॅन अंतराची, म्हणजे याहून बऱ्याच लांब ट्रायथलॉनची, शर्यत आहे. सध्या आठवड्यात पोहणे, सायकल आणि धावणे प्रत्येकी तीन वेळा होते. एकूण वेळ नऊ तास, आणि त्याहून अधिक मिळणार नाही. धावणे वाढवले तर बाकीचे दोन्ही हातचे जाईल, अशी भीती वाटते. हे सगळे कसे बसवावे?

उत्तर : आपण असे धरून चालला आहात की क्षमता वाढवण्यासाठी जितका सराव लागतो, तितकाच ती राखण्यासाठीही लागतो. वस्तुस्थिती तशी नाही, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या फरकातच आहे. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात यावर प्रयोगांची एक मालिका केली. सहभागी झालेल्यांकडून आधी दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटे कसून धावणे आणि सायकलिंग करून घेतले आणि त्यानंतरचे १५ आठवडे सराव कमी केला. कुणाचे दिवस सहावरून चारवर किंवा दोनवर आणले, कुणाची वेळ ४० मिनिटांवरून २६ किंवा १३ मिनिटांवर आणली, तर कुणाची तीव्रता एक तृतीयांशाने किंवा दोन तृतीयांशांनी उतरवली. ज्यांचे दिवस किंवा वेळ कमी केली, त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजेच व्हीओटू मॅक्स, जवळजवळ जशीच्या तशी राहिली; ज्यांची तीव्रता कमी केली, त्यांची मात्र घसरली. केवळ १३ मिनिटांवर आणलेल्या गटाचा दीर्घकाळ तग धरण्याचा दम काहीसा उतरला, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

यावरून माझे सांगणे एवढेच आहे की या पाच महिन्यांत फक्त धावणे वाढवावे आणि बाकीचे दोन प्रकार राखावेत. राखायचे म्हणजे फेऱ्या (आठवड्यातली सरावाची सत्रे) कमी करायच्या, प्रत्येक फेरीचा वेळ कमी करायचा, पण त्या फेरीतली धार बोथट होऊ द्यायची नाही. अनेक जण नेमके उलटे करतात. थकवा नको म्हणून सायकल आणि पोहणे हळू करतात, पण तास तेवढेच ठेवतात. त्यामुळे पायांना विश्रांतीही मिळत नाही आणि क्षमताही टिकत नाही.

आपल्या नऊ तासांची एक मांडणी सुचवतो. रविवारी लांब धाव, सुरुवातीला दीड तासाची आणि हळूहळू अडीच तासांकडे जाणारी. सोमवारी पाऊण तास शांतपणे पोहणे, तंत्रावर लक्ष देऊन आणि पायांवर ताण न घेता. मंगळवारी तासाभराची कसदार धाव, ज्यात मधली २० ते ३५ मिनिटे टेम्पो वेगाने, म्हणजे सुमारे तासभर शर्यतीत टिकवता येईल अशा वेगाने किंवा त्याहून किंचित हळू. त्याच संध्याकाळी ४० मिनिटे ताकदीचे व्यायाम. बुधवारी पन्नास मिनिटे अगदी सावकाश धावणे. गुरुवारी सव्वा तास सायकल, त्यात आठ-आठ मिनिटांचे चार जोरकस टप्पे आणि उतरल्यावर लगेच पंधरा मिनिटे हलकी धाव. शुक्रवारी पन्नास मिनिटे कसून पोहणे. शनिवारी तासभर हलकी सायकल. लांब धाव अडीच तासांच्या पुढे सरकू लागली की शनिवारची सायकल निम्मी करावी, प्रसंगी गाळावी. गुरुवारची गाळू नये, कारण सायकलची क्षमता त्या एका फेरीवर उभी आहे.

या रचनेत दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. पायांचे कष्टाचे दिवस एकमेकांना लागून येत नाहीत, आणि ताकदीचे व्यायाम हलक्या दिवशी न घालता कष्टाच्या दिवशीच घातले आहेत, म्हणजे हलका दिवस खरोखर हलका राहतो. कसून पोहणे शुक्रवारी ठेवण्याचे कारणही तेच: त्याचा भार खांद्यांवर आणि पाठीवर पडतो, आणि रविवारसाठी पाय ताजे राहतात.

या काळात काय जाईल, हेही सांगितले पाहिजे. सायकलवर तीन तास बसण्याची सवय, त्या स्थितीत पाठीची आणि मानेची सहनशक्ती आणि पोहण्यातले प्रत्येक शंभर मीटरमागचे काही सेकंद जातील. हृदय, रक्ताभिसरण आणि जोर टिकलेला असेल, तर हे सगळे सहा ते आठ आठवड्यांत परत येते आणि आपल्याकडे मॅरेथॉननंतर चार महिने आहेत. तेवढ्या नुकसानीची तयारी मनाने आधीच ठेवावी. नाहीतर दहाव्या आठवड्यात पोहण्याची वेळ घसरलेली पाहून आपण घाबराल आणि तिसरी फेरी पुन्हा आत ओढाल.

प्रश्न : लांब धावेत मला धाप अजिबात लागत नाही, हृदयगतीही ताब्यात असते, परंतु २२-२३ किलोमीटरनंतर मांड्या दगडासारख्या होतात आणि दोन दिवस जिना उतरताना त्रास होतो. सायकल मी शंभर किलोमीटर सहज चालवते. मग धावताना असे का होते?

उत्तर : कारण आपला दम सायकल आणि पोहणे यांनी घडवला आहे, पण जमिनीवर पाय आपटण्याची सवय त्यांनी घडवलेली नाही, आणि ती त्यांना घडवता येतही नाही. सायकलवर मांडीचा स्नायू आखडत जोर लावतो. धावताना प्रत्येक पाऊल टेकते तेव्हा तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीर आवरून धरतो, आणि अशा ताणातच त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात. सपाटीवरही प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट बल सोसावे लागते. किलोमीटरमागे सुमारे हजार पावले धरली, तर मॅरेथॉनमध्ये हा आघात चाळीस हजारांच्या आसपास वेळा होतो. शंभर किलोमीटर सायकलमध्ये तो एकदाही होत नाही.

म्हणूनच ट्रायथलॉनकडून येणाऱ्या धावपटूला दुखापतीचा धोका नवख्यापेक्षा वेगळ्या प्रकारचा असतो. नवखा माणूस दम संपल्यामुळे आपोआप थांबतो, तर आपल्याला थांबवणारे काहीच नसते. रक्त आणि हृदय काही आठवड्यांत जुळवून घेतात, स्नायूंना थोडा अधिक काळ लागतो, आणि कंडरा व हाडे यांना महिने लागतात. त्यामुळे आपल्या बाबतीत दमावर विसंबून अंतर ठरवणे चुकीचे आहे. सर्वांत संथ गतीने तयार होणाऱ्या अवयवाकडे पाहून ते ठरवावे लागते. लांब धाव आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनीच वाढवावी, दर चौथ्या आठवड्यात ती एक तृतीयांशाने कमी करावी आणि एखाद्या रविवारी फार छान वाटले म्हणून ठरल्यापेक्षा पाच किलोमीटर अधिक धावू नये.

सर्वांत लांब धाव किती असावी, हेही अनेकांनी विचारले आहे. माझ्या मते तीन तास किंवा ३२ किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तिथे थांबावे. ३२ हा आकडा अनेक कार्यक्रमांत दिसतो म्हणून लोक तो गाठण्यासाठी पावणेचार तास पळत राहतात आणि त्याची भरपाई करण्यात पुढचे दहा दिवस घालवतात. तीन तासांत २७ किलोमीटर होत असतील तर २७ पुरेत. त्यापुढचा दम वाढवण्यासाठी आपल्याकडे एक साधन आहे जे निव्वळ धावपटूकडे सहसा नसते: दोन तास धावून झाल्यावर लगेच ४५ ते ६० मिनिटे हलकी सायकल. थकलेल्या शरीराला आणखी तासभर काम मिळते, इंधन वापरण्याची सवय होते आणि आघात एकही वाढत नाही. महिन्यातून दोन वेळा हे करावे.

मांड्यांसाठी एक उपाय खास सुचवतो. सौम्य उताराचा रस्ता मिळत असेल, तर तीन आठवड्यांतून एकदा, बुधवारच्या धावेत, एकेक मिनिटाचे पाच-सहा टप्पे उतारावरून सैलपणे धावावेत. स्नायूला अशा ताणाचा एक छोटा अनुभव मिळाला की पुढचे काही आठवडे तशाच ताणाने होणारी इजा लक्षणीय कमी होते. पहिल्या वेळी दुखेल, म्हणून सुरुवात तीन टप्प्यांनी करावी आणि शर्यतीआधीच्या तीन आठवड्यांत हा प्रयोग करू नये. ताकदीच्या व्यायामांत पोटरीकडे विशेष लक्ष द्यावे: टाचा उचलण्याचा व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही प्रकारे, वजन हातात घेऊन. गुडघा वाकवलेल्या प्रकारात पोटरीतला खोलवरचा सोलियस स्नायू काम करतो आणि लांब धावेत पोटरीचा बराचसा भार तोच वाहतो.

प्रश्न : आठवड्यातून दोनदाच पोहायला मिळते. त्यातही धावणे वाढल्यापासून पाय मारताना पोटरीत गोळे येतात. दोन फेऱ्यांत नेमके काय करावे?

उत्तर : दोन फेऱ्या पुरेशा आहेत; एक मात्र पुरत नाही, असा माझा अनुभव आहे. पोहण्यात दमापेक्षा पाण्याची पकड आधी जाते आणि सात दिवसांच्या अंतराने ती दर वेळी नव्याने शोधावी लागते.

एक फेरी १५०० मीटरच्या आसपास ठेवावी आणि ती लांब धावेच्या दुसऱ्या दिवशी घ्यावी. मांड्यांमध्ये पुल बॉय (फोमचा तरंगता ठोकळा) धरून पाय तरंगते ठेवावेत आणि हाताची पकड, शरीराची फिरत आणि श्वासाची लय यांवर काम करावे. दुसरी फेरी कसाची असावी. तिच्यासाठी आधी आपला टिकाऊ वेग काढून घ्यावा: ताजेतवाने असताना ४०० मीटर आणि पुरेशा विश्रांतीनंतर २०० मीटर, दोन्ही जास्तीत जास्त वेगाने पोहावे आणि दोन्ही वेळांमधल्या फरकाला दोनने भागावे. समजा ४०० मीटरला ८ मिनिटे आणि २०० मीटरला ३ मिनिटे ४८ सेकंद लागले. फरक ४ मिनिटे १२ सेकंद, म्हणून शंभर मीटरचा टिकाऊ वेग २ मिनिटे ६ सेकंद. या वेगाने दहा ते बारा वेळा शंभर मीटर, मध्ये फक्त १५ सेकंद विश्रांती घेऊन पोहावे. ही फेरी मनापासून केली तर मॅरेथॉन संपेपर्यंत पोहण्याची काळजी करण्याचे कारण उरत नाही.

गोळे येतात त्याचे कारण असे की पाय मारताना पाऊल लांबवलेले असते, त्यामुळे पोटरी आखूड स्थितीत काम करते, आणि थकलेला स्नायू आखूड स्थितीत चटकन गोळा धरतो. कसदार धावेनंतरच्या चोवीस तासांत फळी धरून पाय मारण्याचे टप्पे घेऊ नयेत, भिंतीला जोराने लाथ मारून सुटू नये आणि पाण्यात उतरण्यापूर्वी घोटे सैल करून घ्यावेत. गोळा आलाच तर थांबून पावलाची बोटे स्वतःकडे ओढावीत.

प्रश्न : घड्याळात हृदयगतीचे टप्पे एकदाच भरले आहेत. सायकलवर मी त्या टप्प्यांत कधीच पोहोचत नाही. माझी सायकल मागे पडली आहे का?

उत्तर : बहुधा नाही. एकाच व्यक्तीची कमाल हृदयगती धावण्यापेक्षा सायकलवर साधारण पाच ते दहा ठोक्यांनी कमी असते, कारण बसलेल्या स्थितीत कमी स्नायू काम करतात आणि शरीराचे वजन सायकल पेलते. पाण्यात शरीर आडवे आणि थंड असते, म्हणून तिथे ती आणखी खाली राहते. धावण्यासाठी आणि सायकलसाठी वेगळे टप्पे ठरवावेत: अर्ध्या तासाचा एकसलग कसून प्रयत्न करून त्यातल्या शेवटच्या २० मिनिटांची सरासरी हृदयगती घ्यावी, आणि दोन्ही प्रकारांत ही चाचणी स्वतंत्रपणे करावी. पोहताना हृदयगतीकडे न पाहता घड्याळातल्या वेळेकडे पाहावे.

प्रश्न : मॅरेथॉनच्या तयारीत ब्रिक, म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावण्याचा सराव, करावी का?

उत्तर : आठवड्यातून एकदा, सायकलनंतर दहा-पंधरा मिनिटे, एवढीच. सायकलवरून उतरल्यावर पाय जड असताना धावण्याची सवय मोडू नये, हा तिचा हेतू. लांब ब्रिकने या काळात थकवा वाढतो आणि मॅरेथॉनला त्याचा विशेष लाभ नाही.

प्रश्न : माझे वय ३३ आहे. तीन महिन्यांत धावणे दुप्पट केले, पोहणे आणि सायकल तेवढीच ठेवली. वजन चार किलोने उतरले म्हणून सुरुवातीला आनंद झाला. आता उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला एका जागी दुखते, त्या पायावर उडी मारली तर कळ येते. मासिक पाळीही दोन वेळा चुकली. शर्यत सात आठवड्यांवर आहे. धावणे थोडे कमी करून चालेल का?

उत्तर : नाही. धावणे आजच पूर्ण थांबवावे आणि या आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, शक्य असेल तर खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे. नडगीच्या लांबीभर पसरलेले दुखणे आणि एका बोटाने दाखवता येईल असे दुखणे यांत मोठा फरक आहे. आपण वर्णन केले आहे ते दुसऱ्या प्रकारचे आहे, आणि एका पायावर उडी मारताना कळ येणे हे हाडावर ताण येऊन त्याला सूक्ष्म इजा होत असल्याचे लक्षण असू शकते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अशी इजा बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून एक्स-रे स्वच्छ आला तरी निश्चिंत होऊ नये आणि एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना विचारावे. अशी इजा वेळीच ओळखली तर काही आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येते. तिच्यावर धावत राहिले तर हाड पूर्ण मोडण्याची वेळ येऊ शकते.

पाळी चुकण्याची गोष्ट आपण शेवटी लिहिली आहे, पण माझ्या दृष्टीने ती पत्रातली सर्वांत महत्त्वाची आहे. गर्भधारणेची शक्यता असेल तर ती आधी तपासून घ्यावी. ती नसेल, तर वाढलेल्या सरावाच्या मानाने आपले खाणे अपुरे पडते आहे, असा दाट संशय आहे. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा जाता शरीराच्या दैनंदिन कारभाराला पुरेशी ऊर्जा उरली नाही, तर शरीर प्रजनन, हाडांची दुरुस्ती आणि रोगप्रतिकार यांवरचा खर्च आवरते घेते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला रेड-एस असे नाव देऊन त्यावर निवेदन काढले, आणि त्यात पुरुषांचाही समावेश केला. पुरुषांमध्ये कामेच्छा मंदावणे, सततचा थकवा आणि वारंवार होणाऱ्या दुखापती ही तिची चिन्हे असतात. तीन प्रकारांचा सराव करणाऱ्यांना हा धोका अधिक आहे, कारण त्यांच्या आठवड्यात तास पुष्कळ असतात आणि पोहल्यानंतर किंवा कसून धावल्यानंतर लागायला हवी ती भूक प्रत्येकाला लगेच लागतेच असे नाही. अशा वेळी उतरणारे वजन ही प्रगती समजू नये. हाडाची तपासणी आणि या अवस्थेची तपासणी दोन्ही एकदमच व्हायला हव्यात.

डॉक्टरांनी परवानगी दिली, तर पुल बॉय धरून पोहणे, कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात धावण्याची हालचाल करणे आणि अजिबात दुखत नसेल तर हलकी सायकल, या मार्गांनी आपला दम पुष्कळसा टिकेल. मात्र ऊर्जेची तूट भरून निघेपर्यंत या पर्यायांचेही तास कमीच ठेवावे लागतील. ही मॅरेथॉन सोडावी, असे मी स्पष्टपणे सुचवतो. आपण किती मेहनत घेतली आहे हे पत्रातून दिसते, आणि म्हणूनच हे लिहिताना वाईट वाटते. परंतु पुढच्या अनेक वर्षांचे धावणे या एका शर्यतीसाठी पणाला लावण्यासारखे नाही.

प्रश्न : ट्रायथलॉनच्या शेवटी मी १० किलोमीटर ५२ मिनिटांत धावतो. मॅरेथॉन चार तासांच्या आत होईल का? आणि वाटेत किती खावे? सायकलवर मी सगळे पचवतो, पण धावताना पोट बिघडते. माझे वजन ६२ किलो आहे.

उत्तर : वेळेचा अंदाज घेण्यासाठी पीटर रीगल या अभियंत्याचे सूत्र प्रचलित आहे. आपली वेळ घ्यावी, नव्या अंतराला जुन्या अंतराने भागून येणाऱ्या संख्येचा १.०६ वा घात काढावा आणि त्याने ती वेळ गुणावी. या हिशेबाने ५२ मिनिटांच्या १० किलोमीटरवरून अर्ध-मॅरेथॉन सुमारे १ तास ५५ मिनिटे आणि मॅरेथॉन ३ तास ५९ मिनिटे येते. पोहून आणि सायकल चालवून झाल्यावर आपण ५२ मिनिटे घेता, म्हणजे ताज्या पायांनी त्याहून लवकर धावाल, ही जमेची बाजू. परंतु आठवड्याला धावणे कमी असलेल्यांच्या बाबतीत हे सूत्र मॅरेथॉनचा अंदाज सहसा आशावादी देते, कारण त्यात मांड्यांच्या सहनशक्तीचा विचार नाही. म्हणून शर्यतीआधी चार-पाच आठवडे एक अर्ध-मॅरेथॉन धावून पाहावी. ती १ तास ५० मिनिटांच्या आसपास झाली, तर चार तासांचा, म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटे ४१ सेकंदांचा वेग धरावा. १ तास ५५ मिनिटे लागली, तर किलोमीटरला ५ मिनिटे ५५ सेकंदांनी निघावे, म्हणजे ४ तास १० मिनिटांच्या आत पोहोचाल; ३० किलोमीटरनंतर पायांत जीव उरला असेल तर वेग वाढवायला कुणाची हरकत नाही.

आता खाण्याविषयी. धावताना ढोबळमानाने दर किलोला, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी खर्च होते. आपल्याला संपूर्ण अंतरासाठी सुमारे २६०० लागतील. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठलेली कर्बोदके साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे १६०० ते २००० किलोकॅलरी. उरलेला काही भाग चरबी भागवते, पण वेग जितका अधिक तितका कर्बोदकांचा वाटा वाढतो. ही तूट भरण्यासाठी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचे मिश्रण आणि पोटाचा सराव असेल तर ९० ग्रॅमपर्यंतही घेता येतात. धावताना पोट हिंदकळते आणि आतड्यांकडे जाणारे रक्त कमी होते, म्हणून सायकलवरची मात्रा जशीच्या तशी चालत नाही. मात्र पोटालाही सराव देता येतो. प्रत्येक लांब धावेत पहिल्या अर्ध्या तासापासूनच, दर २० ते २५ मिनिटांनी थोडे थोडे घ्यावे, तासाला ३० ग्रॅमपासून सुरुवात करून सहा-आठ आठवड्यांत ५०-६० पर्यंत जावे. कर्बोदकांचे जेल घेतले तर त्यावर साधे पाणी प्यावे, गोड पेय नको. शर्यतीच्या दिवशी नवे काहीही तोंडात घालू नये.

पाणी तहानेप्रमाणे प्यावे. तहान नसताना वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर भरपूर पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम घसरते, आणि ती अवस्था जिवावर बेतू शकते. चार तासांहून अधिक वेळ धावणाऱ्यांनी याची विशेष काळजी घ्यावी, कारण त्यांना पिण्याची संधी अधिक मिळते.

प्रश्न : मॅरेथॉननंतर आठ आठवड्यांनी माझी ऑलिंपिक अंतराची ट्रायथलॉन आहे. शर्यतीआधी सराव कसा उतरवावा आणि नंतर परत कसे यावे?

उत्तर : शर्यतीआधीच्या सराव-कपातीवरील प्रयोगांचा एकत्रित आढावा लॉरेंट बॉस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या निष्कर्षानुसार दोन आठवडे सरावाचे एकूण प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी उतरवावे, पण तीव्रता आणि फेऱ्यांची संख्या तशीच ठेवावी. ट्रायथलॉन करणाऱ्यांचा घोळ इथे होतो, कारण धावणे कमी झाले की मोकळ्या झालेल्या तासांत ते सायकल आणि पोहणे भरतात. ही कपात तिन्ही प्रकारांना मिळून लागू आहे. सायकलची शेवटची कसदार फेरी शर्यतीच्या दहा दिवस आधी संपवावी. शेवटच्या आठवड्यात दोन छोट्या धावा, त्यात शर्यतीच्या वेगाचे काही मिनिटांचे टप्पे, अर्धा तास सायकल आणि वीस मिनिटे पोहणे एवढे ठेवावे. शेवटचे दीड-दोन दिवस शरीराच्या दर किलोला दहा ग्रॅमच्या आसपास कर्बोदके रोज घ्यावीत. त्यामुळे वजन किलोभर वाढेल. ग्लायकोजेनबरोबर पाणीही साठते, म्हणून त्याची चिंता करू नये.

शर्यतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सावकाश पोहता येईल, मात्र पायांत ओरखडे किंवा फुटलेले फोड असतील तर ते भरेपर्यंत पाण्यात उतरू नये. चौथ्या दिवसापासून अर्धा तास हलकी सायकल चालवावी. धावणे किमान सात ते दहा दिवस नको, दुखणे थांबले असले तरीही, कारण दुखणे थांबते तेव्हा आतली दुरुस्ती पूर्ण झालेली नसते. तिसऱ्या आठवड्यापासून वाटणी उलटी करावी. धावणे आठवड्यातून तीन वेळा, मिळून दोन-अडीच तासांवर आणून तिथेच राखावे. लांब धाव तासाभराहून अधिक नको. पोहणे तीन वेळा करावे आणि सायकलही तीन वेळा, त्यात एक फेरी दोन तासांची. पहिली कसदार ब्रिक पाचव्या आठवड्यात घ्यावी, त्याआधी नाही: ४० मिनिटे शर्यतीच्या जोराने सायकल आणि लगेच तीन किलोमीटर शर्यतीच्या वेगाने. सहाव्या आणि सातव्या आठवड्यात तीच पुन्हा करावी, सातव्यात धाव पाच किलोमीटरपर्यंत न्यावी, आणि आठव्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा.